वही चोख, हवा अर्धी: एका ईआरव्ही यंत्राच्या देखभालीचं प्रकरण

हत्यारांची पेटी खाली ठेवायच्या आत काकांनी वही पुढे केली. शंभर पानी, स्वतः रेघा आखलेली. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात काय केलं, तिसऱ्यात सही. घरात ताजी हवा आणणारं ईआरव्ही यंत्र बसवल्याला तीन वर्षं झालेली आणि दर तिसऱ्या महिन्याला दोन्ही फिल्टर काढून साफ केल्याची नोंद. एकही तारीख चुकलेली नाही.

"आता तुम्हीच सांगा, याहून जास्त माणसानं करायचं तरी काय?"

प्रश्न रास्त होता. मी उघडतो त्यातल्या कितीतरी यंत्रांचे फिल्टर बसवल्या दिवसापासून कुणी पाहिलेलेसुद्धा नसतात. तिथे दोष शोधायला अक्कल लागत नाही, झाकण उघडलं की तो अंगावर पडतो. इथे देखभाल व्यवस्थित झालेली आणि तरी घर कोंदलेलं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय.

घरात माणसं चार. काका, काकू, मुलगा आणि सून. तक्रारी काकूंनी सांगितल्या, कारण काकांच्या मते तक्रार नव्हतीच. मागच्या बेडरूममध्ये मुलगा आणि सून झोपतात, सकाळी उठल्यावर दोघांचंही डोकं जड असतं. रात्री सगळं शांत झालं की मुख्य दाराच्या फटीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येतो. आणि जिन्यातला वास, जो कधी घरात येत नव्हता, तो आता सरळ दिवाणखान्यात येऊन बसतो. काकांचं म्हणणं वेगळंच. त्यांनी थर्मामीटर घेऊन झरोक्यातून येणारी हवा मोजली होती. ती इतकी गार होती की यंत्राला नावं ठेवायला जागाच नव्हती. "उलट पहिल्यापेक्षा सुधारलंय," ते म्हणाले.

हे 'सुधारलंय' माझ्या डोक्यात अडकलं.

ईआरव्हीचं, म्हणजे एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटरचं, काम सांगायला सोपं आहे. घरातली वापरलेली हवा बाहेर टाकायची, बाहेरची ताजी आत घ्यायची, आणि जाता-येता दोघींची एका गाभ्यात गाठ घालून द्यायची, पण मिसळू द्यायचं नाही. मधल्या पातळ पडद्यातून उष्णता पलीकडे जाते आणि पाण्याची वाफही जाते. त्यामुळे उन्हाळ्यात येणारी हवा थोडी निवून आणि दमटपणा टाकून येते, थंडीत उलट. याचाच भाऊ एचआरव्ही, म्हणजे हीट रिकव्हरी व्हेंटिलेटर. त्यात फक्त उष्णतेची देवाणघेवाण होते, वाफेची नाही. या घरातला गाभा कागदी पडद्यांचा होता, एकाआड एक आडव्या-उभ्या नळ्यांचे थर रचलेला. कल्पना जुनीच आहे. मित्सुबिशी इलेक्ट्रिकचा कागदी गाभ्याचा 'लॉसनी' १९७० सालचा. यंत्र कपडे धुण्याच्या जागेवर, फॉल्स सीलिंगच्या आत टांगलेलं. नेहमीच्या वेगावर दर तासाला २०० घनमीटर हवा आत आणि तेवढीच बाहेर, असा बसवतानाचा हिशेब. ताजी हवा बेडरूम आणि दिवाणखान्यात सोडायची, वापरलेली हवा न्हाणीघरं, स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याच्या जागेतून ओढायची.

आधी काकांचाच थर्मामीटर घेतला, म्हणजे नंतर आकड्यांवरून वाद नको. बाहेर ३६ अंश, घरात २६, झरोक्यातून येणारी हवा २७. बाहेर-आत फरक १० अंशांचा, त्यातले ९ यंत्राने वाचवले. म्हणजे ९० टक्के. यंत्रासोबतच्या माहितीपत्रकात तापमानाची कार्यक्षमता ७० टक्के छापलेली. काका विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत होते.

माझा अनुभव असा, की माहितीपत्रकाहून वाईट आकडा आला तर दोष बहुधा सापडतो. चांगला आला तर दोष मोठा असतो. तीन वर्षं धूळ खाल्लेलं यंत्र हुशार होत नाही.

वर्गात चाळीसऐवजी दहाच मुलं आली तर मास्तरांना एकेकाकडे लक्ष देता येतं, निकाल झकास लागतो. पण शाळेचं काम चाळीस मुलांना शिकवायचं होतं. गाभ्याचंही तसंच. ताजी हवा थोडी, सावकाश आली की ती गाभ्यात जास्त वेळ रेंगाळते, पलीकडून जाणाऱ्या भरपूर गार हवेच्या सहवासात जवळजवळ तिच्याइतकीच गार होते. थर्मामीटर खूश. ती हवा किती आली, हे थर्मामीटरला विचारलेलंच नसतं.

मग प्रवाह मोजला. प्रत्येक ग्रिलवर शंकू धरून अ‍ॅनिमोमीटरने, म्हणजे हवेचा वेग मोजणाऱ्या उपकरणाने, घेतलेले आकडे बेरजेला घातले. आत येणारी हवा तासाला ७५ घनमीटर. बाहेर जाणारी १८५.

हवेचा जमाखर्च कधी चुकत नाही. घरातून १८५ गेली आणि यंत्राने ७५ आणली, तर उरलेली ११० कुठूनतरी आलीच. ती मुख्य दाराच्या फटीतून येत होती, म्हणून शिट्टी. जिन्यातून येत होती, म्हणून वास. न गाळलेली, न निवलेली, सगळा दमटपणा सोबत घेऊन. काकूंच्या तीनपैकी दोन तक्रारी इथेच सुटल्या.

तिसरी मागच्या बेडरूमची. त्या खोलीच्या वाट्याला ५० घनमीटर यायला हवे होते, येत होते १७. झोपलेला माणूस तासाला साधारण १३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, दोघांचे २६. तासाला ५० घनमीटर ताजी हवा असेल तर खोलीतलं प्रमाण बाहेरच्यापेक्षा ५२० पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत ५२० भाग) वर जाऊन थांबतं. १७ असेल तर १,५३० ने. बाहेरच्या हवेतलं प्रमाण सुमारे ४३० पीपीएम धरलं तर पहाटे खोलीत १,९६० च्या आसपास. मी आदल्या रात्री ठेवायला पाठवलेल्या मापकाने त्या दिवशी सकाळी १,८६० दाखवलं होतं. मधला फरक दाराखालच्या फटीचा. दारातून शिरणाऱ्या त्या ११० घनमीटर हवेचा या खोलीला काडीचा उपयोग नव्हता, कारण ती पुढच्या पुढे न्हाणीघराच्या झरोक्यातून बाहेर जात होती. घरात एकूण हवा पुरेशी येऊनही बंद दाराची खोली उपाशी राहू शकते, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.

इथे एक गोष्ट आडवाटेला जाऊन सांगतो. असं घर हवा ओढून घेणारं झालेलं असताना आत धुराड्यावर चालणारं काही असेल, म्हणजे गॅसवरचा पाण्याचा हीटर किंवा शेगडी, तर धुराड्यातून वर जाणारा धूर उलटा खोलीत येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि त्याला वास नसतो. या घरात तसं काही नव्हतं. पण पुरवठा आणि निकास यांत एवढी तफावत दिसली की मी आधी हाच प्रश्न विचारतो. उत्तर 'आहे' असेल तर तोल जागेवर येईपर्यंत यंत्र बंद आणि खिडक्या उघड्या.

आता हवा अडली कुठे?

यंत्राचा स्विच बंद केला, पंखे पूर्ण थांबेपर्यंत थांबलो, झाकण काढलं. निकासाचा फिल्टर बऱ्यापैकी स्वच्छ. पुरवठ्याच्या फिल्टरकडे मी लगेच हात घातला नाही. आधी फिल्टर तसाच ठेवून यंत्राच्या दाबछिद्रांना दाब मोजणारा मॅनोमीटर लावला आणि यंत्र थोडा वेळ चालवून पाहिलं. ताज्या हवेच्या डक्टमध्ये, म्हणजे यंत्राच्याही अलीकडे, ओढ प्रमाणाबाहेर होती. याचा अर्थ सगळ्यात मोठा अडथळा यंत्रात नव्हताच. तो भिंतीबाहेर होता.

"बाहेर काय आहे?" काकांनी विचारलं.

"हवा आत घेणारं तोंड. हूड."

"त्याला काय साफ करायचं असतं?"

शिडी लावून मागच्या बाजूने वर गेलो. हूडच्या तोंडाला साधारण ६ मिलिमीटर छिद्रांची जाळी असते, पक्षी आणि पाला आत जाऊ नये म्हणून. इथे तिच्या आतून कुणीतरी मच्छरजाळीचा तुकडाही बसवून ठेवला होता. हेतू चांगला. पण मच्छरजाळी म्हणजे देखभालीच्या यादीत नसलेला फिल्टरच. त्या जाळीवर राखाडी रंगाचा जाड थर बसला होता, बुरणुसासारखा घट्ट. टोकाला धरून ओढला तर अख्खा एका तुकड्यात निघाला. खाली आणून काकांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि चकित झाले. साबणाचा वास येत होता.

ते कपड्यांचे तंतू होते. दीड वर्षापूर्वी घरात कपडे वाळवायचं यंत्र आलं, त्याचं बाहेर टाकायचं तोंड त्याच भिंतीत, हूडपासून जेमतेम दीड मीटरवर काढलेलं. ताजी हवा घेण्याचं तोंड अशा कोणत्याही घाण सोडणाऱ्या तोंडापासून निदान ३ मीटर लांब असावं, हा नेहमीचा नियम. ईआरव्ही बसवणाऱ्याने तो पाळलाच होता, तेव्हा तिथे दुसरं काही नव्हतं. वाळवणयंत्र बसवणाऱ्याला ते शेजारचं तोंड कशाचं आहे हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. दोघांनी आपापलं काम नीट केलं आणि मधल्या दीड मीटरचा मालक कुणीच नव्हता. तंतूंबरोबर वाळवणयंत्राची दमट हवाही हूडमध्ये ओढली जात होती, आणि ओल्या जाळीवर तंतू जास्त चिकटतात.

"पण मग हे वहीत कसं येणार? बाहेर जाळी असते हे मला कुणी सांगितलंच नाही." काकांचा आवाज पहिल्यांदा थोडा खाली आला होता.

खरंच सांगितलं नव्हतं. वर्षातून एकदा येणारा सर्व्हिसचा माणूस फिल्टर झटकायचा, यंत्र सुरू करून 'हवा गार येतेय ना' विचारायचा आणि कार्डावर सही करून जायचा. शिडी लागणारी कामं कार्डावर नव्हतीच. यंत्रावरचा 'फिल्टर साफ करा' हा दिवाही इथे फसवा निघाला. या मॉडेलमधला तो दिवा काही मोजत नाही, फक्त तास मोजतो. तीन महिन्यांचे तास भरले की लागतो, बटण दाबलं की विझतो. हूड पूर्ण बुजलं तरी त्याला पत्ता नाही.

जाळी घासली, मच्छरजाळी काढून टाकली. आतला फिल्टर असताना किड्यांसाठी दुसरी जाळी लागत नाही. पुरवठा ७५ वरून १३० वर गेला.

मग फिल्टर. इथे दुसरी गोष्ट उघडी पडली. मूळचा फिल्टर जाडसर, मर्व्ह ८ दर्जाचा असायला हवा होता, बसवलेला होता मर्व्ह १३. सुनेला धुळीने शिंका येतात म्हणून मुलाने वर्षभरापूर्वी बारीक फिल्टर मागवला होता. मर्व्हचा आकडा जितका मोठा तितके बारीक कण अडतात, हे बरोबरच. आयएसओ १६८९० हे २०१६ सालचं मानक वापरणाऱ्या खोक्यांवर त्याऐवजी 'ईपीएम १' किंवा 'कोर्स' असं लिहिलेलं असतं, पण मथितार्थ तोच. प्रश्न पंख्याचा आहे. बारीक फिल्टरला हवा ढकलायला जास्त जोर लागतो, आणि या यंत्राच्या पंख्याचा वेग ठरलेला. जोर वाढत नाही, हवा कमी होते. काही यंत्रांत प्रवाह कायम राखणारे पंखे असतात. तिथे फिल्टर चोंदला तर हवा तेवढीच येते, पण वीज आणि आवाज वाढत जातो. त्या यंत्रांत तक्रार कानाला येते, इथे ती डोक्याला येत होती.

त्याहून वाईट म्हणजे काकांनी हा घड्यांचा फिल्टर दर तीन महिन्यांनी साबणाच्या पाण्यात धुतला होता. मूळचा स्पंजी फिल्टर धुवायचाच असतो. कोमट पाणी, सौम्य साबण, पिळायचा नाही, आणि पूर्ण कोरडा झाल्याशिवाय परत घालायचा नाही. घड्यांचा बारीक फिल्टर मात्र धुवायचा नसतो. अशा कित्येक फिल्टरच्या तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो आणि बारीक कण त्यावर चिकटतात. धुतल्यावर तो भार जातो. दिसायला फिल्टर स्वच्छ, कामाला चाळणी. इथे तर पुठ्ठ्याची चौकटही भिजून वाकली होती आणि एका कडेला बोटभर फट पडलेली. हवा नेहमी सोपी वाट धरते, ती फटीतून गेली. म्हणजे फिल्टर अर्धी हवा अडवत होता आणि उरलेली न गाळता सोडत होता. दोन्ही तोटे एकदम.

"म्हणजे मी इतकी वर्षं..."

"वर्षभरच," मी म्हणालो. आणि त्यात चूक त्यांच्या निष्ठेची नव्हती. स्पंजी फिल्टर धुवायची सवय होती, खोक्यातला फिल्टर बदलला, सवय बदलली नाही. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, पण खोकं मुलाने टाकून दिलेलं.

मूळ दर्जाचा नवा फिल्टर लावल्यावर पुरवठा १७०. सुनेच्या शिंकांसाठी काय, हा प्रश्न काकूंनी लगेच विचारला, आणि तो विचारायलाच हवा होता. या यंत्राला मर्व्ह १३ चालतो, पण मग पंख्याचा वेग एक पायरी वर ठेवून प्रवाह पुन्हा जुळवावा लागतो आणि फिल्टर धुण्याऐवजी बदलावा लागतो. आवाज थोडा वाढतो. घरच्यांनी आधी महिनाभर साध्या फिल्टरवर राहून बघायचं ठरवलं. कारण आता दारातून न गाळलेली हवा येणार नव्हती, आणि शिंकांमध्ये तिचाही हात असेलच.

आता गाभा. मी झाकणातून गाभ्याच्या पट्ट्याला हात घातला आणि मागे पाहिलं, तर काका फवाऱ्याची बाटली घेऊन तयार उभे. आत जंतुनाशक मिसळलेलं पाणी.

"थांबा काका. यावर पाण्याचा थेंबही नको."

"अहो पण आत एवढी धूळ..."

धूळ होती, फटीसमोरच्या कोपऱ्यावर तळहाताएवढा पट्टा. पण कागदी गाभा भिजला की पडदे लुळे पडतात, नळ्या एकमेकींना चिकटतात. काही गाभ्यांच्या कागदात वाफ शोषणारे क्षार मुरवलेले असतात, ते पाण्याबरोबर निघून जातात. जंतुनाशकं, ब्लीच, सुगंधी फवारे यांनी पडदा खराब होतो, आणि त्यांचा वास पुढे कितीतरी दिवस बेडरूममध्ये येतो. काही पॉलिमर पडद्यांचे गाभे कोमट पाण्याने धुता येतात, एचआरव्हीमधले अ‍ॅल्युमिनियमचे किंवा प्लास्टिकचे गाभे तर बिनधास्त धुवावेत. म्हणजे 'गाभा धुवावा की नाही' याचं एकच उत्तर नाही, ते तुमच्या गाभ्यावरच्या चिठ्ठीवर असतं. इथली चिठ्ठी फाटलेली होती, पण कागद हाताला कळतो. ज्याला कळत नाही त्याने पुस्तिका बघावी. तीही सापडली नाही तर कोरडंच साफ करावं. कोरड्या साफसफाईने गाभा मेल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला मऊ ब्रश लावून, ओढ कमी ठेवून, चारही तोंडांवरून हलक्या हाताने फिरवला. ब्रश दाबायचा नाही, पडद्यांच्या कडा कागदाच्याच असतात. काढण्यापूर्वी गाभ्याच्या कोणत्या कडेला कोणती बाजू होती याची पेन्सिलने खूण केलेली होती. खूण न करता काढलेला गाभा चौकोनी असल्यामुळे चारही तऱ्हांनी बसतो, आणि तिथून वेगळंच प्रकरण सुरू होतं. कडांच्या स्पंजी पट्ट्या दाबून पाहिल्या, त्या ठीक होत्या. त्या गेल्या की जुनी हवा नव्या हवेत मिसळते.

पुरवठ्याच्या पंख्याच्या पात्यांवर पिठासारखा थर होता. तो मऊ ब्रशने काढला. पात्यांवर कुठेकुठे धातूच्या छोट्या चिमट्या लावलेल्या दिसतात. त्या घाण समजून उचकटायच्या नाहीत, पंख्याचा तोल त्यांच्यावर असतो. तेल घालायची गरज नव्हती, याची बेअरिंग बंद असतात. पुरवठा १८५.

शेवटी ग्रिल. आणि इथे काकूंनी स्वतःहून कबुली दिली. मोठ्या सफाईच्या वेळी त्यांनी सगळ्या खोल्यांतले गोल व्हॉल्व्ह काढून एकाच बादलीत धुतले होते. लख्ख होते. फक्त मधली चकती प्रत्येकाची वेगळ्या अंतरावर ठेवलेली असते, त्यावरच कोणत्या खोलीला किती हवा हे ठरतं. त्या चकत्या धुताना फिरल्या आणि व्हॉल्व्हही खोल्या बदलून बसले. दिवाणखान्याला भरपूर, मागच्या बेडरूमला उरलंसुरलं. तास-दीड तास गेला तो यातच. एक चकती अर्धा फेरा फिरवायची, चारही ठिकाणी पुन्हा मोजायचं, कारण एकीकडे दाबलं की दुसरीकडे फुगतं. शेवटी बेडरूम ४८ वर स्थिरावली. प्रत्येक व्हॉल्व्हच्या पाठीवर खोलीचं नाव लिहिलं आणि चकतीच्या आट्यांवर न पुसणाऱ्या पेनाने खूण केली.

गाभ्याच्या निकासाच्या बाजूवरची थोडी धूळ गेल्यामुळे निकासही १९० झाला होता. १८५ आत, १९० बाहेर. दोघांत १० टक्क्यांच्या आत फरक चालतो, हा तर तीनच्याही आत. मुख्य दार गप्प.

आणि काका नाराज. कारण त्यांनी पुन्हा थर्मामीटर लावला होता.

"अहो, आता २९ दाखवतंय! सकाळी २७ होतं. तुम्ही बिघडवून ठेवलंत."

बाहेर अजूनही ३६, आत २६. कार्यक्षमता ९० वरून ७० वर आली होती, म्हणजे माहितीपत्रकात छापली होती तिथे. मी त्यांची वही मागितली आणि मागच्या पानावर हिशेब मांडला. एक घनमीटर हवा एक अंशाने गार करायला सुमारे ०.३३ वॅट-तास लागतात. सकाळी यंत्रातून ७५ घनमीटर येत होती, खोलीपेक्षा १ अंश गरम. त्याचं ओझं २५ वॅट. दारातून ११० येत होती, खोलीपेक्षा १० अंश गरम. त्याचं ३६० च्या वर. एकूण ३९० च्या आसपास. आता यंत्रातून १८५ येते, ३ अंश गरम, सुमारे १८५ वॅट, आणि फटीतून ५ येते, तिचे सोळा-सतरा. एकूण २००. घरात शिरणाऱ्या हवेचं तापमानाचं ओझं निम्म्यावर आलं, आणि बेडरूममधली ताजी हवा जवळपास तिप्पट झाली. दमटपणा यात धरलेलाच नाही. दारातून येणारी हवा तो पूर्णच्या पूर्ण आणत होती.

काकांनी आकडे दोनदा तपासले. मग म्हणाले, "म्हणजे झरोक्यापाशी नाही मोजायचं, दारापाशी मोजायचं."

इतकं नेमकं मला स्वतःला सांगता आलं नसतं.

एक सोय मात्र करून द्यायला हवी होती. त्यांच्याकडे अ‍ॅनिमोमीटर नाही आणि त्यासाठी दर वेळी मला बोलावणं शहाणपणाचं नाही. म्हणून पिशवीची युक्ती शिकवली. १२० लिटरची कचऱ्याची पातळ पिशवी घ्यायची, तिच्या तोंडाला तारेची गोल चौकट लावायची. पिशवी पूर्ण चपटी करून झरोक्यावर घट्ट धरायची आणि ती फुगून ताठ होईपर्यंत सेकंद मोजायचे. ५० घनमीटर असेल तर नऊ सेकंदांच्या आत पिशवी भरते. सकाळच्या १७ घनमीटरला पंचवीस लागले असते. माप काटेकोर नाही, चौकट तिरकी झाली की चुकतं, पण तोच झरोका, तीच पिशवी आणि तोच माणूस असेल तर गेल्या वेळेपेक्षा वाढलं की घटलं हे नक्की कळतं. आणि देखभालीला तेवढंच लागतं.

वहीत मग रकाने बदलले. तारीख राहिली. त्यापुढे मागच्या बेडरूमचे सेकंद. मग हूडची जाळी, फिल्टर, आणि वर्षातून एकदाच भरायचा रकाना गाभा व पंखे यांचा. पुरवठ्याचा फिल्टर सुरुवातीला दर महिन्याला उघडून बघायचा, किती दिवसांत घाण होतो ते कळलं की मग अंतर ठरवायचं. ते प्रत्येक घराचं वेगळं असतं, आणि रस्त्याचं काम सुरू झालं तर त्याच घराचंही बदलतं. सहीचा रकाना मी नको म्हटलं होतं. तो काकांनी ठेवलाच.

वाळवणयंत्राचं तोंड पुढच्या आठवड्यात त्यांनी नळी वाढवून भिंतीच्या दुसऱ्या बाजूला नेलं, पण तिथेही हूडपासून अंतर अडीच मीटरच मिळालं, मध्ये तुळई येते म्हणून. बेडरूममधल्या मापकाने त्या आठवड्यात सकाळी ९५० दाखवलं. डोकं जड होणं थांबलं असं सून म्हणाली. शिंकांबद्दल तिने काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तीन महिन्यांनी काकांचा फोन आला.

"मागच्या खोलीला नऊ सेकंद होते, आता अकरा लागतात. तीनदा मोजलं."

"फिल्टर?"

"कालच धुतला, वाळवून घातला. तरी अकरा."

"मग?"

"मग काय, शिडी मागवलीय. तुम्ही फक्त एवढंच सांगा, जाळी सुकीच घासू की पाण्याने?"